तेवीस किलोंत एक घंटा

अक्काची एकतीस वर्षं पोस्टाच्या पार्सल-खिडकीमागे गेली होती. तेवढ्या वर्षांत तिने दोन गोष्टी कमावल्या. एक म्हणजे हात. वस्तू काट्यावर ठेवायच्या आधीच ती वजन सांगायची आणि काटा मुकाट्याने तिची री ओढायचा. दुसरी म्हणजे कान आणि नजर मिळून जे काही होतं ते. पार्सल आणणारा माणूस "आत कपडेच आहेत हो" हे कुठल्या सुरात म्हणतो, यावरून आत काचेच्या बाटल्या आहेत हे तिला उमगायचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी हे सगळं शाबूत होतं. त्यामुळे परदेशात धाकट्या भावाकडे दीड महिना राहून परत निघायची वेळ आली, तेव्हा बॅग भरायला तिला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. गरज होती ती एवढीच, की भाऊ अर्धा तास घरात नसावा. असला तर बहिरा असावा.

आणि नेमकं तेच अवघड होतं. भाऊ पियानो जुळवायचा. लोकांच्या घरी, शाळांत, सभागृहांत जाऊन पियानोच्या तारा पिळायच्या आणि बेसूर झालेल्या वाद्याला माणसांत आणायचं, हा त्याचा धंदा. जन्मला तेव्हा असा काही रडला होता, की घरच्यांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं. आता पासष्टी उलटली होती, डोक्यावर केस नावाला उरले होते, पण अक्काच्या तोंडी तो भोंग्याच. कान मात्र असा तयार, की तीन खोल्या पलीकडे कुणी चमचा खाली ठेवला तर तो कुठल्या धातूचा हे तो पेपर वाचता वाचता सांगायचा. अशा माणसाच्या घरातून अक्काला पितळी घंटा पळवायची होती.

घंटा मुळात वडिलांची. वडील शाळेत हेडमास्तर होते. शाळेत विजेवरची घंटा आली तेव्हा जुनी हातघंटा त्यांना निरोपासोबत मिळाली. लाकडी मूठ, वीतभर पितळ, मुठीसकट एक किलो आठशे ग्रॅम. वडील गेल्यावर ती अक्काच्या कपाटात होती. अकरा वर्षांपूर्वी भोंगा भेटीला आला, चार दिवस गोड गोड बोलला, आणि अक्का बाजारात गेली असताना घंटा बॅगेत घालून, निघताना तिच्या पाया पडून उडून गेला. अक्काला पत्ता लागला तो आठवड्याने, पुसायचं फडकं घेऊन कपाट उघडलं तेव्हा. तिने फोन केला.

"अगं, मुलगा म्हणून माझा हक्क," तो म्हणाला.

"आणि मी काय पार्सलातून आले होते?" अक्का म्हणाली आणि फोन ठेवला. सहा महिने बोलली नाही. मग बोलायला लागली, पण विसरली नाही.

कारण ती घंटा तिने वाजवलेली होती. वडिलांचा गुडघा धरायचा, म्हणून शाळा सुटायची घंटा वाजवायचं काम बारा वर्षांच्या अक्काकडे असायचं. एकदा व्हरांड्यातून जाताना तिने तिसरीच्या वर्गात डोकावून पाहिलं. सतराचा पाढा म्हणायला पोरं ओळीने उभी होती, पुढचं पोरगं छडी खात होतं, आणि त्याच्या मागे भोंगा उभा होता, पांढराफटक. सतराचा पाढा त्याला सत्तर जन्मांत येणार नव्हता. शाळा सुटायला दहा मिनिटं होती. अक्काने घंटा उचलली आणि बडवली. सगळी शाळा हो हो करत बाहेर. वडिलांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, कानाला लावलं, हलवलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला टाकलं. हे अक्काने आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षं झाली होती.

भोंग्याच्या घरी त्या घंटेची काय दशा होती? ती त्याच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर असायची. एक टोल म्हणजे चहा. दोन टोल म्हणजे टॉवेल विसरलो. तीन टोल म्हणजे चष्मा सापडत नाही. आणि प्रत्येक टोलाला धावायचं कुणी, तर भावजयीने.

भावजय गाडी चालवायला शिकवायची. सव्वीस वर्षं शिकाऊ मंडळींच्या शेजारी बसून तिची छाती दगडाची झाली होती. भर चौकात, ट्रकच्या तोंडासमोर, कुणी गाडी बंद पाडली तरी ती म्हणायची, "काही नाही, घाई नाही, परत चालू करा." अशी शांत बाई. पण घरात टोल पडला की तिच्या हातातून काहीतरी निसटायचंच. दीड महिन्यात अक्काच्या देखत तीन कप फुटले होते.

जायला पाच दिवस उरले होते. दोघी बाजारातून परत येत होत्या. भावजयीने गाडी दाराशी उभी केली, पण उतरेना. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून समोर बघत म्हणाली, "वन्सं, तुमच्या बॅगेत किती जागा आहे?"

"का गं? काय द्यायचंय?"

"द्यायचं नाही. तुम्ही न्यायचंय."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. खिडकीवर बसलेल्या बाईला पार्सल न उघडता आतलं कळतं. "एक किलो आठशे," ती म्हणाली.

"एवढं आहे का वजन? मला वाटायचं, दहा तरी असेल," भावजय म्हणाली. "अकरा वर्षं डोक्यावर घेऊन फिरतेय मी."

नणंद-भावजयीचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं, असं म्हणणाऱ्याने त्या दोघींना त्या क्षणी गाडीत बघायला हवं होतं. पाच मिनिटांत बेत ठरला. आधी उचलून उपयोग नव्हता, कारण भोंगा दिवसातून दहादा वाजवायचा. म्हणजे घंटा निघायच्या दिवशीच जायला हवी, आणि तीही सकाळच्या दहाच्या टोलानंतर. दहाच्या चहानंतर तो आंघोळीला जायचा आणि नळाखाली अर्धा तास सूर लावत बसायचा. तेवढ्यात काम उरकायचं. पुढचा चहा टोल पडायच्या आधीच त्याच्या हातात द्यायचा. टॉवेल दारावर अडकवून ठेवायचा. चष्मा नाकावर आहे ना, यावर लक्ष ठेवायचं. विमान पाच वाजता, घरातून एकला निघायचं. एकदा बॅग आत गेली, की मग बस म्हणावं शंख करत.

"आणि मागाहून ते मला विचारतील त्याचं काय?" भावजयीने विचारलं.

"सांग, मला काय ठाऊक, तुमची बहीण, तुम्ही बघा."

"हे मात्र खरंच आहे," भावजय म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

निघायचा दिवस उजाडला. दहाला टोल पडला. चहा आला, प्याला गेला, भोंगा गुणगुणत न्हाणीघरात शिरला. नळ सुटल्याचा आवाज आला तशी भावजय दाराबाहेर पहाऱ्याला उभी राहिली आणि अक्काने घंटा उचलली, तीही तोंड वर करून, म्हणजे आतला लोळा आदळू नये. घरची अशी एकही वस्तू नसेल जी अक्काला बांधता यायची नाही. तिने लोळ्याभोवती एक मोजा गुंडाळला, पोकळीत भावजयीची जुनी लोकरी टोपी कोंबली, वरून आपला जाड स्वेटर घातला, बाह्यांनी करकचून आवळला आणि ते गाठोडं बॅगेच्या मध्यभागी साड्यांच्या थरांत बसवलं. बॅग हलवून पाहिली. चिडीचूप. मग चेनची दोन टोकं सुतळीने एकत्र बांधून तिच्यावर आपली पोस्टाची गाठ मारली. दोन वेढे, एक उलटा फास, शेपूट आत. ही गाठ ओढून सुटत नाही, आणि कापली तर लगेच कळतं. शेवटी बॅग एका हाताने जमिनीपासून वीतभर उचलली, डोळे मिटले आणि म्हणाली, "बावीस सातशे."

रिकाम्या स्टुलावर भावजयीने पेपरांचा गठ्ठा ठेवला आणि गठ्ठ्यावर कुंडी. जणू जन्मापासून कुंडी तिथेच होती.

भोंगा बाहेर आला, पेपर वाचला, न मागता आलेला चहा प्याला, त्यावर "आज काय विशेष?" एवढंच म्हणाला. स्टुलाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मधल्या वेळात अक्का शेजारच्या बाईंचा निरोप घ्यायला गेली, ती वीस मिनिटांत परत आली. बॅग होती तिथेच होती, गाठ होती तशीच होती. भोंगा सोफ्यावर एक डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"अक्का, ही बिस्किटं तरी ने. तुझ्यासाठी मुद्दाम आणलीत."

"शंभरदा सांगितलं, जागा नाही. डबाच पाव किलोचा असेल."

"बिस्किटाच्या डब्याला जागा नाही? काय काय भरलंस एवढं?"

"कपडेच आहेत रे," अक्का म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला आपलाच सूर ऐकू आला. एकतीस वर्षं असल्या सुरावर तिने लोकांची पार्सलं उघडायला लावली होती. पण भोंगा "राहू दे मग," म्हणून डबा घेऊन उठला.

एक वाजता तिघं निघाले. भावजयीची गाडी शिकवणीची, म्हणजे शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक. त्या सीटवर भोंगा बसला, आणि पायाशी ब्रेक असलेला माणूस तो दाबल्यावाचून राहत नाही. पहिल्या वळणावर दाबला, पिवळ्या दिव्याला दाबला, एक कबुतर आडवं आलं तेव्हा दाबला. प्रत्येक धक्क्याला मागे बसलेली अक्का श्वास रोखून डिकीचा कानोसा घ्यायची. मोजा सुटला तर? टोपी सरकली तर? आणि मध्येच, पुलाच्या अलीकडे, भोंग्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ केला.

"काय झालं?" भावजयीने विचारलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज कापला.

"घंटा," भोंगा म्हणाला.

गाडीत सुई पडली तर ऐकू आली असती. भोंग्याला तर तिचा सूरही कळला असता.

"घंटेचं काय?" अक्काने खिडकीबाहेर बघत विचारलं.

"आज दुपारी वाजवलीच नाही मी. दहानंतर एकदाही नाही. बरं वाटत नाही बघ. परत जाऊन एकदा वाजवून येऊ का? शुभ असतं म्हणतात निघताना."

"कोण म्हणतं?" दोघी एका सुरात म्हणाल्या.

"नसेल म्हणत," भोंगा म्हणाला आणि पाय काढला. उरलेला रस्ताभर तो शीळ घालत होता.

विमानतळावर रांग सरकत सरकत खिडकीशी आली. खिडकीमागे एक तरुण होता. त्याने बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. अक्काने ती उचलली आणि तिचा हात थबकला. हात काहीतरी वेगळं सांगत होता. पट्ट्याच्या आकड्यांनी तेच सांगितलं. तेवीस किलो दोनशे.

अक्काच्या आयुष्यात काट्याने तिला खोटं पाडण्याची ही पहिली वेळ. पाचशे ग्रॅम! तेही स्वतःच्या बॅगेचे! तिने भावजयीकडे पाहिलं. या बाईनेच गुपचूप काहीतरी कोंबलं असणार. भावजयीने डोळे मोठे करून मानेने नाही म्हटलं.

"दोनशे ग्रॅम जास्त आहेत, आजी," तरुण म्हणाला. "काहीतरी काढून हातातल्या पिशवीत घ्या."

"दोनशे ग्रॅमने काय होतंय बाबा?"

"नियम आहे, आजी."

हेच वाक्य हजारो लोकांना ऐकवून झालेल्या बाईला त्यावर काय बोलता येणार? भोंगा मात्र पुढे सरसावला. "आण इकडे, मी उघडतो. मी लावून देतो सगळं."

"हात लावू नकोस!" अक्का एवढ्या जोरात म्हणाली की शेजारच्या रांगेतलं एक तान्हं बाळ दचकलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आत माझे आतले कपडे आहेत."

भोंगा लाजल्यासारखा दोन पावलं मागे झाला.

अक्काने बॅग बाजूला ओढली, गुडघ्यावर बसली, गाठ सोडली, झाकण जेमतेम वीतभर उघडून आत हात घातला. पहिल्या थराखालीच बोटांना पत्रा लागला. बिस्किटांचा डबा! आता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. पण बॅग उघडी, भाऊ दोन पावलांवर, मागे रांग खाकरतेय, अशा वेळी डोकं चालत नाही. तिला वाटलं, आपण शेजारी गेलो तेव्हा त्याने डबा बॅगेत सारला, वरच्यावर. नुसता डबा. आत खोल हात घातला असता तर एव्हाना त्याने आकाश पाताळ एक केलं असतं.

"कुणी घातला हा?" तिने विचारलं.

"कुणी बुवा?" भोंगा म्हणाला.

डबा काढून तिने भावजयीच्या हातात दिला. आता बॅग वजनात बसत होती. पण तिच्या मनात भलतंच आलं. बॅग अशीच गेली, आणि तिकडे उतरल्यावर कुणी उघडली, हरवली, उशिरा आली तर? अकरा वर्षांनी हाती लागलेली वस्तू दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची? पार्सलांचं वाटेत काय होतं हे अक्काइतकं कुणाला ठाऊक होतं! नको. घंटा जवळच हवी. पण ती हातपिशवीत हलवायची म्हणजे भोंग्याच्या डोळ्यांदेखत.

नशीब बघा. नेमका त्याच वेळी भोंगा म्हणाला, "थांब, बुटाची नाडी सुटली," आणि पाठ करून वाकला. दोनतीन मिनिटं वाकूनच होता. तेवढ्यात गाठोडं साड्यांतून निघालं, हातपिशवीत गेलं, वर शाल आली, बॅगेला पुन्हा गाठ बसली.

"झालं?" भोंग्याने खाली बघतच विचारलं.

"झालं," अक्का म्हणाली.

निरोपाच्या वेळी भावजयीने तिला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, "वन्सं, तुमचे उपकार." भोंगा वाकून पाया पडला. अक्काच्या मनात आलं, एवढा सरळ माणूस, आणि आपण त्याला असं फसवतोय. क्षणभर वाटलं, काढावी पिशवीतून आणि द्यावी हातात. मग आठवलं, अकरा वर्षांपूर्वी यानेही असंच वाकून पाया पडून घंटा नेली होती. तिने पिशवी काखेला घट्ट धरली.

पुढे सामानाची तपासणी होती, काचेच्या भिंतीपलीकडे. सोडायला आलेली माणसं काचेला नाक लावून उभी राहत आणि आपलं माणूस दिसेनासं होईपर्यंत हात हलवत. भोंगा आणि भावजयही तिथेच उभे होते. अक्काची पिशवी यंत्रात गेली आणि यंत्र थांबलं. हातमोजे घातलेल्या एका तपासनीस बाईने पडद्यावर बोट ठेवलं, दुसरीला बोलावलं, मग तिसऱ्याला. पडद्यावर पिशवीच्या मधोमध काळाकुट्ट घुमट दिसत होता.

"हे काय आहे?"

"घंटा," अक्का हळूच म्हणाली.

"काय?"

"घंटा आहे हो. शाळेची. माझ्या वडिलांची."

"बाहेर काढा."

अक्काने काचेकडे पाठ केली. स्वेटरच्या बाह्या सोडल्या, टोपी ओढून काढली, मोजा काढला. मोजा जरा जास्तच सहज निघाला. पितळ दिव्याखाली चकाकलं. तपासनीस बाईंनी ती उलटसुलट पाहिली, मुठीवर टकटक केलं. त्यांच्या चेहऱ्यावर आता संशयापेक्षा कुतूहल जास्त होतं.

"शाळेची घंटा? मग वाजवा बघू."

"इथे? नको हो, एवढी माणसं..."

"वाजवा म्हणते ना."

अक्काने डोळे मिटले. आता हा टोल काच फोडून पलीकडे जाणार आणि जगातला सर्वांत तयार कान तो ओळखणार. होऊ दे काय व्हायचं ते. तिने मूठ धरली, हात वर नेला, आणि अठ्ठावन्न वर्षांपूर्वी व्हरांड्यात हाणला होता तसाच झटका हाणला.

काही नाही.

पुन्हा हाणला. हवा हलली तेवढीच. अक्काने घंटा उलटी करून आत पाहिलं. लोळा नव्हता. ज्या आकड्याला तो लोंबायचा तो आकडा तेवढा होता, रिकामा, हसल्यासारखा वाकडा.

"वाजत नाही ही," तपासनीस बाई निराशेने म्हणाल्या.

अक्का सावकाश वळली. काचेपलीकडे भोंगा उभा होता. चिमटीत पितळी लोळा धरून तो डावीकडे उजवीकडे डोलवत होता आणि प्रत्येक झोक्याला तोंडाचा चंबू करत होता. आवाज येत नव्हता, पण म्हणत होता ते कळत होतं. टण्. टण्. शेजारी भावजयीने बिस्किटांच्या डब्यात तोंड लपवलं होतं. तिचे खांदे हलत होते, ते हसून की रडून, ते इकडून कळत नव्हतं.

आणि मग अक्काची नजर खाली गेली. भोंग्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या. नुसते पाय सरकवायचे बूट होते.

तिला आधी संताप आला. तो टाळूपर्यंत चढला आणि तिथून हसू होऊन बाहेर पडला. सत्तरीची बाई, एका हातात मुकी घंटा, दुसऱ्या हाताची मूठ काचेकडे रोखलेली, आणि हसतेय ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मागची रांग बघत राहिली. तपासनीस बाईंनी काही न सुचून घंटा स्वतःच स्वेटरात गुंडाळून दिली आणि "जा आजी, जा," म्हणाल्या.

घरी पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला.

"पोचली का घंटा सुखरूप?" भोंग्याने विचारलं.

"चोरट्या! माझी गाठ कशी सोडलीस?"

"तूच शिकवलीस की. पतंगाची सुतळी बांधायला. दोन वेढे, एक उलटा फास, शेपूट आत."

हे अक्का पार विसरून गेली होती. तिने विषय बदलला. "तुला कळलं कधी?"

"चहा न मागता आला तेव्हाच. आपल्या घरात असं घडत नाही. मग कुंडी दिसली. मग तू शेजारी गेलीस आणि मी बॅग उचलली. अक्का, बॅग हलवली तर काहीच वाजलं नाही. पण काहीच न वाजणं आणि दाबून गप्प बसवलेलं असणं, यात फरक असतो. मला तो ऐकू येतो."

"मग तेव्हाच का नाही काढून घेतलीस?"

"तू एवढी मेहनत घेतली होतीस," तो म्हणाला. "आणि डबा घातल्याशिवाय तू बॅग उघडणार नव्हतीस. मला तुझं तोंड बघायचं होतं."

"लोळा पाठव मुकाट्याने."

"घंटा पाठव, लगेच पाठवतो. ती माझी आहे."

"तुझी कशी? वाजवायची मी!"

"ते मलाही ठाऊक आहे. सतराचा पाढा. माझ्या पुढचा पोरगा रडत परत येत होता. मी दाराकडे पाहिलं तर तू व्हरांड्यातून पळताना दिसलीस. त्या घंटेने माझे हात वाचवले, म्हणून ती माझी."

"तुला ठाऊक होतं?"

"मग काय? बाबांनी घड्याळ दुरुस्तीला टाकलं तेव्हा मी किती दिवस पोट धरून हसत होतो."

अठ्ठावन्न वर्षं आपण एकटीने जपलेलं गुपित दुसऱ्या घरात आरामात नांदत होतं म्हणजे! अक्काला राग यायला हवा होता. तो आला नाही. नाक मात्र फुरफुरलं.

"रडतेस का?"

"सर्दी झालीय. विमानात गार हवा असते." मग सावरून म्हणाली, "सतरा नवे किती?"

"फोन ठेवतो," भोंगा म्हणाला आणि खरंच ठेवला.

अक्काने हार मानली नाही. लोखंडी सामानाच्या दुकानातून एक जाड बोल्ट आणला, तारेने आकड्याला अडकवला आणि घंटा हाणली. आवाज आला, पण बादलीत दगड पडल्यासारखा. तिकडे भोंग्यालाही लोळ्याचा नुसता उपयोग नव्हता. दहा दिवसांनी भावजयीचा फोन आला, तोही गाडीतून, कारण घरात बोलायची सोय नव्हती.

"वन्सं, फसले हो मी. आता ते लोळा हातात धरून जे दिसेल त्यावर हाणतात. पातेल्यावर, खिडकीच्या गजावर, माझ्या सायकलच्या रिंगवर. म्हणतात, प्रत्येक गोष्टीचा सूर तपासतोय. आधी एक घंटा होती, आता सगळं घरच घंटा झालंय."

"अरे देवा."

"तेव्हा मी ठरवलंय, आम्ही तुमच्याकडे येतो. महिनाभर. तिकिटं काढली. तुम्ही दोघं एका घरात बसा आणि काय तो निकाल लावा. तेवढे दिवस मी झोपून काढणार आहे."

भाऊ येणार म्हटल्यावर अक्का कामाला लागली. पहिलं काम अर्थात बंदोबस्ताचं. भोंग्याचे हात तिला आता पुरते कळले होते. वडिलांची दौत तिने धान्याच्या डब्यात पुरली. त्यांचा चष्मा, त्यांचं घड्याळ, वर्गाचा जुना फोटो, सगळं एकेक करून अशा जागी गेलं जिथून काढताना खुद्द अक्कालाच घाम फुटला असता. घंटेसाठी तर तिने शेजाऱ्यांची तिजोरी मागून घेतली.

घर असं साफ झालं. भोंगा येईल, चार दिवस गोड बोलेल, कपाटं चाचपेल आणि हात हलवत परत जाईल. अक्का खुर्चीत बसली आणि विचार करू लागली. हात हलवत? आपला भाऊ?

तिला ते बरं वाटेना.

ती उठली, माळ्यावर चढली, आणि मागच्या कोपऱ्यातून वडिलांची फळ्यावर रेघा मारायची पट्टी ओढून काढली. शिसवी लाकडाची, एक मीटर लांब, कडेला पितळेची पट्टी ठोकलेली. तिच्यावरची धूळ पुसली, तेलाचा हात फिरवला. मोठ्यात मोठी बॅग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मोजली तरी ती एक मीटर भरत नाही, हे पार्सल-खिडकीवरच्या बाईला कुणी सांगायला नको होतं. वाकणारी ती नव्हती, घडी तिची व्हायची नाही, आणि कापायची त्या लबाडाची छाती झाली नसती. न्यायचीच असेल तर आता भोंग्याला डोकं लढवावं लागणार होतं.

पाहुण्यांच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीला, जिथे झोपेतून उठल्यावर पहिली नजर जाईल अशा जागी, तिने ती पट्टी उभी करून ठेवली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग पुन्हा पुढे होऊन, उजेड नीट पडावा म्हणून, खिडकीच्या बाजूला थोडी सरकवली.